मालाची जाहिरात चौरस असावी

हळद उत्तम, दळण बारीक, भाव रास्त. आणि मोबाइलवरच्या जाहिरातीतून फोन नंबरचे शेवटचे तीन आकडे गायब! गिऱ्हाइकाने मागणी नोंदवायची कोठे? बचत गट आणि घरून माल विकणारे शेतकरी यांच्या जाहिरातींत हा प्रकार वरचेवर दिसतो. दोष मोबाइलचा नसतो, आकाराचा असतो. जाहिरात दुकानाच्या पाटीसारखी लांबट केलेली असते आणि ती दिसते चौरस खणात.

चौरस फोटो आपल्याला नवा नाही. घरातला जुना अल्बम उघडून पाहा. आग्फा क्लिक थ्री या कॅमेऱ्यात १२० नंबरच्या एका रोलवर १२ चौरस फोटो निघत. इन्स्टाग्राम २०१० साली सुरू झाले, तेव्हा त्यावर फक्त चौरस फोटोच चालत. २०१५ पासून उभे-आडवेही चालू लागले. तरी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या मालाच्या यादीत फोटो लहान होऊन चौरस खणातच बसतो.

आता हिशेब पाहा. मोबाइलचा कॅमेरा बहुधा ४ बाय ३ या प्रमाणात फोटो काढतो. त्याचा चौरस केला की चौथा हिस्सा कापला जातो. १६ बाय ९ असा लांबट फोटो असेल, तर शंभरातले जवळजवळ ४४ भाग जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या नावाशेजारी जो फोटो दिसतो तो तर गोल. चौरसाचे चारही कोपरे, म्हणजे शंभरातले २१ भाग, तेथे दिसत नाहीत. म्हणून नंबर कोपऱ्यात कधीही टाकू नये.

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये १:१ असा आकार असतो, तो निवडावा. जाहिरात मुलाकडून किंवा गावातल्या फ्लेक्सवाल्याकडून करून घेणार असाल, तर १०८० बाय १०८० पिक्सेल एवढे सांगावे. औत वळवायला शेताच्या कडेला जागा सोडतो, तशी डावी-उजवीकडे आठवा-आठवा हिस्सा मोकळी सोडावी. याला कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने खात्याच्या पानावरचे खण उभट केले, ३ बाय ४ प्रमाणात. तेथे चौरसाच्या दोन्ही बाजू नेमक्या तेवढ्याच कापल्या जातात.

माल परातीत, टोपलीत किंवा सुपात मांडावा. परात गोल, ती चौरसात नीट बसते आणि गोल खणातही शाबूत राहते. सकाळच्या उन्हात, पण सावलीला बसून फोटो काढावा. स्टीलचे ताट चकाकते, ते टाळावे. खाली गोणपाट अंथरले की हळद-मिरचीचा रंग उठून दिसतो. मोबाइलचा पडदा जेमतेम पावणेतीन इंच रुंद. त्यावर दहा-बारा शब्दांहून जास्त मजकूर वाचवत नाही. मालाचे नाव, वजन, भाव, गाव आणि नंबर एवढे पुरे. देवदेवतांची चित्रे, गटातल्या सर्वांची नावे, पुढाऱ्यांचे फोटो यांत मालच हरवतो. आणि ‘भावासाठी फोन करा’ ही खोड सोडावी. भाव दिसला नाही की गिऱ्हाईक पुढे सरकते.

मात्र चौरसाचा हट्ट सगळीकडे नको. केळीचा घड किंवा उसाचा फड उभाच शोभतो. व्हॉट्सअ‍ॅपचे स्टेटस उभे असते, तेथे चौरस चित्राच्या वर-खाली रिकामी जागा राहते. पिकावरील रोगाचा फोटो तज्ज्ञाला पाठवताना तर काहीच कापू नये. डाग पानाच्या कडेला आहे की शिरेजवळ, यावरूनच पुष्कळ कळते.

जाहिरात तयार झाली की आधी शेजारच्या घरी पाठवावी. त्यांच्या मोबाइलवर, चष्मा लागणाऱ्या माणसाला ती दाखवावी आणि त्यातला नंबर वाचून फोन लावायला सांगावे. घंटी आपल्याकडे वाजली, तरच पुढे पाठवावी.