सूक्ष्मतरंग दुव्यांची विश्वसनीयता : पर्यावरणीय घटकांचा परिणाम

सूक्ष्मतरंग दुवा खुल्या हवेतून जात असल्याने हवामानाचा त्यावर थेट परिणाम होतो. साधारणतः १० गिगाहर्ट्झच्या वर पर्जन्य हा प्रमुख अडथळा ठरतो. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंटिमीटर, तर ३० गिगाहर्ट्झला १ सेंटिमीटर असते. ती थेंबांच्या आकाराच्या जसजशी जवळ येते तसतसे ऊर्जेचे शोषण व प्रकीर्णन वाढते. मोठे थेंब पडताना चपटे होतात, म्हणून आडव्या ध्रुवणाची हानी उभ्यापेक्षा अधिक असते.

येथे एकूण पावसापेक्षा त्याची तीव्रता महत्त्वाची आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. सरासरी ताशी सुमारे ३९ मिलिमीटर. परंतु दुवा तुटतो तो काही मिनिटांच्या अतितीव्र सरींनी. ९९.९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाकाठी सुमारे ५३ मिनिटांचा खंड. तो नेमका आपत्तीच्या वेळी पडण्याचा संभव अधिक.

याउलट निरभ्र, निर्वात रात्री हवेच्या थरांमुळे तरंग अनेक मार्गांनी पोहोचून परस्परांना क्षीण करतात. एकाच मनोऱ्यावर वरखाली बसविलेल्या दोन अँटेना हा त्यावर उपाय आहे. पर्जन्यापुढे तो निष्प्रभ ठरतो. तेथे टप्पा आखूड ठेवणे, संदेशशक्ती राखीव ठेवणे व उभे ध्रुवण निवडणे आवश्यक ठरते. सारांश, दुव्याची आखणी पावसाच्या वार्षिक सरासरीवर नव्हे, तर मिनिटागणिक तीव्रतेच्या स्थानिक नोंदींवर आधारलेली असावी.