संगणकातील दोन कणग्या

आपल्या जालना जिल्ह्यात जुन्या शेतकऱ्याच्या घरी खाण्याची ज्वारी कणगीत असे आणि पेरणीचे बियाणे राख लावून वेगळ्या मडक्यात. खाण्याची ज्वारी संपली तर बाजारातून आणता येई. निवडून राखलेले बियाणे गेले की गेलेच. बियाण्याचे मोल जाणणाऱ्या याच जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी उभारली. संगणकावर लिनक्स बसवितानाही असाच प्रश्न पडतो : सारे एकत्र ठेवावे, की वेगवेगळे?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेतील एक संगणक सुरू होईना. लिनक्स पुन्हा बसवावे लागले. हार्ड डिस्कवर एकच विभाग होता आणि घाईत मी तो पुसून टाकला. लिनक्स तासाभरात परत आले. पण विद्यार्थ्यांनी महिनाभर घेतलेल्या लंबकाच्या नोंदी गेल्या. चूक माझीच होती.

विभाग, म्हणजे पार्टिशन, करताना डिस्क कापली जात नाही. तिच्यावरील जागा लहान लहान क्रमांकित खणांत वाटलेली असते. कोणता विभाग कितव्या खणापासून सुरू होतो व त्यात किती खण आहेत, एवढीच नोंद एका तक्त्यात होते. जुन्या पद्धतीच्या तक्त्यात चारच मुख्य नोंदी मावत आणि खणांची संख्या ३२ बिटांत लिहिली जाई. खण ५१२ बाइटांचा धरला, तर २ चा ३२ वा घात गुणिले ५१२, म्हणजे सुमारे २.२ लाख कोटी बाइट ही मर्यादा झाली. नव्या जीपीटी पद्धतीत ६४ बिट वापरतात व सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते.

लिनक्समध्ये मूळ विभागाला 'रूट' म्हणतात. वापरणाऱ्यांचे काम 'होम' या कप्प्यात राहते. होमला स्वतंत्र विभाग दिला, तर रूट पुसून लिनक्स नव्याने बसविता येते आणि काम जागच्या जागी राहते. मात्र होमपुढील 'फॉरमॅट' ही खूण काढलेली आहे ना, हे नीट पाहावे. शिवाय कोणी चित्रपट साठवून होम भरून टाकले, तरी रूटमधील जागा शाबूत राहते.

मग तोटा कोणता? भिंत घातली की जागा अडते. रूट भरून गेले आणि होममध्ये १०० जीबी मोकळे असले, तरी ते रूटच्या कामी येत नाहीत. भिंत मागाहून सरकविता येते. पण ते काम वेळखाऊ व जोखमीचे असते. म्हणून लहान डिस्कवर, एकट्याच्या वापरासाठी, एकच विभाग सोयीचा. शाळेच्या संगणकावर २५६ जीबीची डिस्क असेल, तर सुमारे ५० जीबी रूटला व उरलेली बहुतेक जागा होमला द्यावी. नव्या संगणकांत सुरुवातीच्या कामासाठी आणखी एक छोटा विभाग लागतो. तो लिनक्स बसविणारा कार्यक्रम बहुधा स्वतःच करतो.

एक गोष्ट मात्र विसरू नका. घराला आग लागली तर कणगी आणि मडके दोन्ही जळतात. डिस्कच बिघडली तर सारे विभाग एकदम जातात. म्हणून शहाणा शेतकरी थोडे बियाणे भावाच्या घरीही ठेवी. तुमच्या कामाचीही एक प्रत दुसऱ्या डिस्कवर हवी.

शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर शिक्षकांसमोर 'डीएफ' ही आज्ञा देऊन पाहा. होमची ओळ वेगळी दिसते का? नसेल, तर कामाची प्रत आजच काढून ठेवा.