धुराच्या शेजारी राहणारी मुले

मनवेलपाड्यात थंडीच्या दिवसांत पहाटे खिडकी उघडली की आधी वास येतो, उजेड नंतर. कुणीतरी कचऱ्याचा ढीग पेटवलेला असतो. त्यात पिशव्या, थर्माकोल, कधी तारेवरचे रबर. आपण चडफडतो आणि खिडकी लावून घेतो. आमच्या औषधफेरीसाठी महामार्ग ओलांडून शिरसाड-उसगावच्या बाजूला वीटभट्टीवर गेले, की लावून घ्यायला खिडकीच नसते.

यंदाच्या जानेवारीत तिथल्या एका कातकरी कुटुंबातल्या चार वर्षांच्या मुलीला मी तीन आठवडे खोकल्याचे औषध देत होते. थंडीचा खोकला आहे, असेच मी धरून चालले होते. तिची आई म्हणाली, "ताई, औषध संपलं की परत खोकते. धूर काय कुठे जातोय?" मी दर वेळी दुपारी जात असे. त्या दिवशी मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबले. तेव्हा कळले की मी औषध देत होते एका गोष्टीवर आणि दुखणे होते दुसऱ्याच गोष्टीचे.

आपल्याकडची वीटभट्टी म्हणजे धुराडे असलेला कारखाना नव्हे. कच्च्या विटा एकावर एक रचतात, थरांमध्ये कोळशाची भुकटी आणि भाताचे तूस भरतात, बाहेरून मातीने लिंपतात आणि खालून पेटवतात. मग ती कित्येक दिवस आतल्या आत धुमसत राहते. आगीला पुरेशी हवा मिळत नाही, म्हणून कोळसा पुरता जळत नाही. जे जळत नाही ते काजळी आणि विषारी वायू होऊन बाहेर पडते, तेही माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. या धुरातले सर्वांत बारीक कण केसाच्या जाडीपेक्षा वीस-पंचवीस पटीने लहान असतात. नाक त्यांना अडवू शकत नाही आणि ते थेट फुप्फुसात खोल जातात. भारतातल्या नियमाप्रमाणे असे कण दिवसाच्या सरासरीने एका घनमीटर हवेत 60 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटना तर 15 म्हणते. भट्टीपाशी हे मोजणारे यंत्र मी अजून पाहिलेले नाही.

त्यात हंगामाची गाठ अशी पडते की भट्ट्या दिवाळीनंतर सुरू होतात आणि पावसाआधी थांबतात. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वर चढत नाही. धूर तिच्यातच कोंडून राहतो. म्हणजे हवा सर्वांत कोंदट असते नेमक्या त्याच महिन्यांत भट्टी पेटते आणि मुले झोपडीत झोपतात.

त्या संध्याकाळी आणखी एक धूर दिसला, चुलीचा. लाकूड ओले होते, म्हणून आईने पेटवायला प्लास्टिकची पिशवी घातली. तिच्या गावी उज्ज्वला योजनेचा गॅस आहे. पण सिलिंडर गावी आणि माणसे सहा महिने भट्टीवर, ही बहुतेक कुटुंबांची गोष्ट. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हलता येत नाही. कुणी हिला अज्ञान म्हणू नये. ओल्या लाकडावर भाकरी कशी करायची, हे आपल्यापैकी कितीजणांना जमेल?

कायदे आहेत. उघड्यावर कचरा जाळल्यास साध्या प्रकारात 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये भरपाई, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2016 मध्ये दिला. वीटभट्ट्यांसाठी केंद्राने फेब्रुवारी 2022 मध्ये नियम केले. टायर, प्लास्टिक, घातक कचरा जाळायला बंदी, आणि भट्टी वस्तीपासून व फळबागांपासून किमान 800 मीटर दूर. हे वाचून मला बरे वाटले आणि लगेच प्रश्न पडला. 800 मीटर कुणापासून? मजुराची झोपडी तर भट्टीपासून वीस पावलांवर असते. चिकूच्या झाडाला जे अंतर मिळाले, ते त्या मुलीला मिळत नाही.

लक्ष दिले तर धूर आवरता येतो, हे आपल्याच जिल्ह्याने दाखवले आहे. डहाणू तालुका 1991 मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. तिथल्या 500 मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्राविरुद्ध नागरिक आणि बागायतदार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले. त्याने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा 2007 मध्ये धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसली. त्या केंद्राची चिमणी 275 मीटर उंच आहे, दुरून दिसते. डोक्याएवढ्या उंचीच्या भट्टीवर कोण प्राधिकरण बसवणार?

आपल्या मंडळींना चळवळ नवी नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासोबत हरित वसईसाठी आपली वडीलधारी माणसे रस्त्यावर उतरली होती. तेव्हा प्रश्न आपल्या विहिरींचा आणि वाड्यांचा होता. महामार्गापलीकडचा धूर आपल्या यादीत आला नाही, हे मी स्वतःलाही धरून म्हणते.

राखेच्या, म्हणजे फ्लाय अ‍ॅशच्या विटा भाजाव्या लागत नाहीत, पाण्यावर पक्क्या होतात. त्या वाढल्या तर धूर थांबेल, पण या कुटुंबांची मजुरीही जाईल. म्हणून दुसरे काम हाताशी येण्याआधी भट्ट्या बंद करा, असे मी म्हणणार नाही.

सध्या आम्ही लहान गोष्टी करतो आहोत. त्या मुलीला आरोग्य केंद्रात नेऊन क्षयाची तपासणी करून घेतली, क्षय नव्हता. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ही तपासणी टाळू नये. चूल झोपडीबाहेर वेगळ्या आडोशाला हलवली आणि सुकी लाकडे ठेवायला ताडपत्री दिली. फेब्रुवारीअखेर तिचा रात्रीचा खोकला कमी झाला, गेला नाही. भट्टीमालकाशीही बोललो. आपल्याकडे दुपारी समुद्राकडून वारा येतो आणि पहाटे जमिनीकडून, म्हणून भट्टीच्या सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला झोपड्या नकोत, हे त्यांना जमिनीवर रेघ ओढून दाखवले. "पुढच्या हंगामात बघू," म्हणाले.

पावसाआधी ते कुटुंब गावी गेले. दिवाळीनंतर झोपड्या नव्याने बांधल्या जातील, त्या दिवशी आम्ही मोजपट्टी घेऊन तिथे असू.