गुडघा बसला, नाडीचे काय?

सांबऱ्याचे नाव परगावच्या माणसाला ठाऊक असते ते बेळगावच्या विमानतळामुळे. गावावरून बागलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर दुचाकी घसरली, अथवा आखाड्यात कुस्ती खेळताना पाय विचित्र पिळवटला, तर गुडघा निखळू शकतो. कित्येकदा तो आपोआप जागेवर येतो. घरची मंडळी निश्चिंत होतात, आणि तेल चोळण्यासाठी हाडे बसविणाऱ्याकडे नेण्याचे ठरते. खरा धोका येथेच असतो.

गुडघ्यामागच्या लवणीतून पोटरीला व पावलाला रक्त पुरविणारी मुख्य रोहिणी जाते. सांध्याच्या वर आणि खाली ती जखडलेली असल्यामुळे हाडे सरकली की तिला बाजूला होता येत नाही. ती कधी तुटते, तर कधी केवळ तिचे आतले अस्तर फाटते. हा दुसरा प्रकार मोठा फसवा. आरंभी नाडी लागते, पाऊल उबदार असते. मात्र काही तासांनी त्या अस्तरावर रक्त गोठून प्रवाह बंद पडतो.

म्हणूनच डॉक्टर पावलावरची व घोट्यामागची नाडी पुनःपुन्हा पाहतात, घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. हे गुणोत्तर ०.९ हून कमी भरले तर सीटी अँजिओग्राफी करतात. पाऊल गार, फिकट आणि नाडीहीन असेल, तर तपासण्यांत वेळ न दवडता शस्त्रक्रिया करावी लागते. बहुधा दुसऱ्या पायातील शीर काढून रोहिणीला जोड देतात, आणि पोटरी सुजून कोंडू नये म्हणून स्नायूंवरची आवरणे उघडतात.

दुसऱ्या महायुद्धात ही रोहिणी बहुधा बांधूनच टाकीत. १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या डीबेकी व सिमियोन यांच्या आढाव्यानुसार अशा शंभरातील सुमारे बहात्तर जणांचे पाय कापावे लागले. कोरियाच्या युद्धात रोहिणी जोडू लागल्यावर हे प्रमाण बत्तिसावर आले. २०१७ साली अमेरिकन फुटबॉलपटू झॅक मिलर याचा पाय तातडीच्या अशाच शस्त्रक्रियेने वाचला.

रक्ताविना पाय साधारण सहा तास तग धरतो. सांबऱ्याहून बेळगाव जेमतेम दहा किलोमीटर. उशीर होतो तो बहुधा घरीच. पाय चोळू वा शेकू नये, आहे त्या स्थितीत फळीचा आधार द्यावा. रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद कोठे उपलब्ध आहेत, हे निघतानाच फोनवरून विचारावे. आणि गुडघा जागेवर आलेला असला, तरी तो निखळला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. क्ष-किरण चित्रात ते दिसेलच असे नाही.