‘रोहना’ची अखेरची सफर

ब्रिटिश इंडिया कंपनीचे ‘रोहना’ हे १९२६ साली इंग्लंडमध्ये बांधलेले सुमारे ८,६०० टनांचे जहाज. मद्रास–सिंगापूर मार्गावर माल आणि डेकवरचे उतारू वाहून नेणे हा त्याचा नित्यक्रम. १९४० मध्ये सरकारने ते सैन्याच्या वाहतुकीसाठी ताब्यात घेतले. नोव्हेंबर १९४३ मध्ये अल्जीरियातील ओरान बंदरातून सुमारे दोन हजार अमेरिकन सैनिक घेऊन ते सुएझमार्गे हिंदुस्थानकडे निघाले.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी भूमध्य समुद्रात जर्मन विमानाने सोडलेला, रेडिओने दिशा देता येणारा हेन्शेल २९३ हा उडता बॉम्ब जहाजाच्या इंजिनघराजवळ आदळला. जहाज दीड तासात बुडाले. बावीस जीवरक्षक नौकांपैकी अवघ्या काहीच पाण्यात उतरू शकल्या. बऱ्याच स्फोटात निकामी झाल्या, तर काहींची उतरवण्याची यंत्रणा गंजलेली होती.

वैद्यकीय दृष्टीने मात्र सर्वांत विदारक कथा कंबरपट्ट्यांची आहे. सैनिकांना हवा भरून फुगणारे रबरी पट्टे दिले होते. ते काखेखाली, छातीभोवती बांधायचे. पुष्कळांनी कंबरेला बांधले. परिणामी नितंब वर तरंगू लागले आणि छाती, डोके व पाठीवरचे साहित्य यांच्या भाराने तोंड पाण्याखाली गेले. अंधार, उसळता समुद्र आणि थंडी यांनी उरलेले काम केले. ‘पायोनियर’ या अमेरिकन सुरुंगशोधक जहाजाने ६०६ जणांना वाचवले. अमेरिकन मृतांची संख्या मात्र १,०१५ होती.

नव्या अस्त्राचे यश शत्रूला कळू नये म्हणून घटना गुप्त ठेवली गेली. मृतांच्या कुटुंबीयांना दीर्घकाळ तपशील मिळाला नाही. अमेरिकी काँग्रेसने मृतांचा अधिकृत गौरव केला तो २००० साली.

खलाशांची बाजू तर आणखी मागे राहिली. जहाजावरील १९५ जणांच्या खलाशीवर्गात हिंदी लष्करांचाच मोठा भरणा होता. (‘लष्कर’ हा त्या काळी खलाशांसाठी रूढ शब्द, ‘सैन्य’ या अर्थी तो येथे घेऊ नये.) वाचलेल्या काही सैनिकांनी पुढे, हे खलाशी नौका घेऊन पळाले, असा ठपका ठेवला. पण या १९५ पैकी निम्म्याहून अधिक बुडाले; प्रवासी सैनिकांपैकीही सुमारे निम्मेच मृत्युमुखी पडले होते. पळणाऱ्यांची संख्या अशी नसते. महायुद्धात समुद्रात गेलेल्या अशा हिंदी खलाशांची नावे मुंबईत मशीद बंदर परिसरातील खलाशीगृहात ठेवलेल्या स्मरणवह्यांत नोंदलेली आहेत.