गाण्याची पट्टी बदलली, कॉर्ड मात्र जागेवरच! म्यूझस्कोरमध्ये कॉर्ड लिहिताना नेमकं काय अडतं?

समजा, संध्याकाळी कार्यक्रम आहे. गाण्याचं नोटेशन 'पांढरी एक'मध्ये लिहून तयार आहे, वर गिटारवाल्यासाठी कॉर्ड टाकलेत. दुपारी गायिका म्हणते, "मला काळी दोन लागेल." तुम्ही कॉम्प्युटरवर पट्टी बदलता. सूर सरकतात, पण कॉर्ड आहेत तिथेच राहतात. ते कुणाच्या लक्षात आलं नाही, तर हार्मोनियम एका पट्टीत आणि गिटार दुसऱ्या पट्टीत वाजणार, तेही भर मंचावर.

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यातलं सिहोरा घ्या किंवा झाडीपट्टीतलं कुठलंही गाव. भजन मंडळ, दंडार, नाटक, शाळेचं स्नेहसंमेलन, लग्नातला ऑर्केस्ट्रा, गाणं सगळीकडे आहे. हार्मोनियमच्या शेजारी आता कीबोर्ड आणि गिटारही आलेत. म्हणून नोटेशन लिहायचं सॉफ्टवेअर शिकणारेही वाढतायत. त्यातलं 'म्यूझस्कोर' मोफत आहे, त्यामुळे बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि बहुतेकांची गाडी पहिल्यांदा कॉर्डपाशीच अडते. का अडते आणि कशी सोडवायची, ते पाहू.

आधी हे समजून घ्या: कॉर्ड म्हणजे काय?

तीन किंवा जास्त सूर एकाच वेळी वाजले की कॉर्ड होतो. हार्मोनियमवर पांढरी एकला सा धरा आणि सा, ग, प एकत्र दाबा. हा झाला सी मेजर. शुद्ध गंधाराऐवजी कोमल गंधार दाबा, की तो सी मायनर होतो.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र 'कॉर्ड' या एका शब्दाचे दोन वेगळे अर्थ आहेत. पहिला, पाच रेघांवर एकावर एक रचलेले सूर. दुसरा, रेघांच्या वर लिहिलेलं कॉर्डचं नाव, म्हणजे 'कॉर्ड सिम्बॉल'. दोन्ही लिहायची पद्धत वेगळी आहे. निम्मा गोंधळ इथेच होतो.

अडचण १: तीन सूर एकत्र यायला हवेत, पण एकापुढे एक येतात

एन दाबून लिहायला सुरुवात केली. ५ दाबून एका मात्रेचा सूर निवडला. मग सी, ई, जी ही अक्षरं दाबली. पडद्यावर कॉर्ड नाही, तीन सुटे सूर आले.

कारण साधं आहे. नुसतं अक्षर दाबलं की सॉफ्टवेअर 'पुढचा सूर' असं समजतं. 'याच सुरावर आणखी एक' असं सांगायचं असेल तर शिफ्ट धरावं लागतं. म्हणजे आधी सी, मग शिफ्ट धरून ई, मग शिफ्ट धरून जी.

दुसराही मार्ग आहे. खालचा सूर लिहा आणि अल्ट धरून ३ दाबा, त्याच्या वरचा तिसरा सूर जोडला जातो. मोजताना खालचा सूर पहिला धरायचा, म्हणजे सा पासून तिसरा ग. एखादा सूर भलत्याच सप्तकात गेला, तर तो निवडून कंट्रोल आणि वरचा किंवा खालचा बाण दाबा.

अडचण २: खालचा सूर धरून ठेवायचाय, वरची चाल हलतेय

खाली सा चार मात्रा धरलेला आणि वर चाल चालू, हे हार्मोनियमवर नेहमीचंच. कागदावर उतरवताना मात्र चारही मात्रा अडकतात, कारण एका दांड्यावरच्या सगळ्या सुरांची लांबी सारखीच असते.

यासाठी 'व्हॉइस' ही सोय आहे. एकाच ओळीवर चार स्वतंत्र व्हॉइस लिहिता येतात. चाल पहिल्या व्हॉइसमध्ये लिहा. मग त्याच मापाच्या सुरुवातीला या, वरच्या पट्टीतून दुसरा व्हॉइस निवडा आणि धरलेला सा तिथे लिहा. दांड्या एक वर, एक खाली जातात आणि वाचणाऱ्यालाही दोन गोष्टी वेगळ्या दिसतात.

अडचण ३: कॉर्डचं नाव लिहिलं, पण सॉफ्टवेअरला कळत नाही

इथे तीन गोष्टी तपासा.

कीबोर्डची भाषा. मराठीत टाइप करणाऱ्यांची ही खास अडचण. कॉम्प्युटर मराठी कीबोर्डवर राहिला असेल, तर सूर लिहायची अक्षरं अडू शकतात आणि कॉर्डचं नाव देवनागरीत उमटतं. देवनागरीतला 'सी' सॉफ्टवेअरला कॉर्ड म्हणून कळत नाही. विंडोजमध्ये विंडोज बटण आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या, मग लिहा.

फ्लॅटचं चिन्ह. त्यासाठी खास चिन्ह शोधायची गरज नाही. शार्पसाठी # आणि फ्लॅटसाठी इंग्रजी छोटा बी. म्हणजे बी फ्लॅट लिहायला मोठा बी आणि त्याला चिकटून छोटा बी. ए मायनरसाठी मोठा ए आणि छोटा एम. मध्ये जागा सोडू नका, कारण स्पेस दाबलं की कर्सर पुढे पळतो.

कॉर्ड बदलतो, पण खाली सूर नाही. सूर चार मात्रांचा आहे आणि कॉर्ड तिसऱ्या मात्रेवर बदलतो. स्पेस दाबलं तर कर्सर थेट पुढच्या सुरावर जातो. अशा वेळी अर्धविरामाचं बटण, म्हणजे, दाबा. कर्सर एकेक मात्रा पुढे सरकतो.

अडचण ४: पट्टी बदलली तरी कॉर्ड हलत नाहीत

आता सुरुवातीचा प्रश्न. याची दोन कारणं असतात.

पहिलं म्हणजे कॉर्ड चुकीच्या पद्धतीने लिहिलेले असतात. कंट्रोल आणि के दाबून लिहिलं तर तो कॉर्ड सिम्बॉल. कंट्रोल आणि टी दाबून लिहिलं तर तो नुसता मजकूर. छापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. पण मजकुराला आपण कॉर्ड आहोत हे ठाऊक नसतं, त्यामुळे तो सरकतही नाही आणि वाजतही नाही. ओळखायचं कसं? त्यावर क्लिक करा आणि खिडकीच्या तळाची पट्टी वाचा. तिथे 'स्टाफ टेक्स्ट' दिसलं तर ते पुसून कंट्रोल आणि के ने पुन्हा लिहा.

दुसरं कारण म्हणजे पट्टी बदलायच्या चौकटीतली खूण. 'टूल्स' मेन्यूतल्या 'ट्रान्स्पोज'मध्ये कॉर्ड सिम्बॉलही सरकवायचे का, असा वेगळा पर्याय असतो. त्यावर खूण नसेल तर फक्त सूर सरकतात.

काळी दोन म्हणजे डी शार्प की ई फ्लॅट?

आपल्याकडे गायक पट्टी सांगतो ती हार्मोनियमच्या बटणांवरून. काळी दोन हे बटण एकच आहे, पण पाश्चात्त्य लिपीत त्याला दोन नावं आहेत: डी शार्प आणि ई फ्लॅट. ऐकायला दोन्ही सारखे, लिहायला मात्र फार वेगळे. डी शार्प मेजर लिहायला नऊ शार्प लागतात, तर ई फ्लॅट मेजरला फक्त तीन फ्लॅट. म्हणून मेजर चालीसाठी ई फ्लॅटच निवडा.

हाच हिशोब इतर काळ्या पट्ट्यांनाही लागू होतो:

- काळी एक: डी फ्लॅट, ५ फ्लॅट
- काळी दोन: ई फ्लॅट, ३ फ्लॅट
- काळी तीन: एफ शार्प, ६ शार्प (किंवा जी फ्लॅट, ६ फ्लॅट)
- काळी चार: ए फ्लॅट, ४ फ्लॅट
- काळी पाच: बी फ्लॅट, २ फ्लॅट

पांढरी एकमधून काळी दोनला गेल्यावर सी चा ई फ्लॅट, एफ चा ए फ्लॅट, जी चा बी फ्लॅट आणि ए मायनरचा सी मायनर व्हायला हवा. कागदावर हे चार बरोबर दिसले, तर बाकीचेही बहुधा बरोबर असतात.

सॉफ्टवेअर कॉर्ड लिहितं, निवडत नाही

नोटेशनमध्ये कुठला कॉर्ड कुठे घ्यायचा, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. आणि रागावर आधारलेल्या चालीत ते सोपं नाही.

भूप रागाचं उदाहरण घ्या. त्यात सा, रे, ग, प, ध हे पाचच सूर आहेत. म आणि नी वर्ज्य. पांढरी एकमधल्या गाण्याला सवयीने सी, एफ, जी हे तीन कॉर्ड लावले जातात. पण एफ मध्ये मध्यम येतो आणि जी मध्ये निषाद. म्हणजे गायिका शुद्ध भूप गात असते आणि गिटार वर्ज्य सूर वाजवत असते. भूपाच्या पाच सुरांतून मेजर किंवा मायनर असे दोनच पूर्ण कॉर्ड बनतात: सी मेजर (सा, ग, प) आणि ए मायनर (ध, सा, ग). चित्रपटगीतात किंवा भावगीतात मोकळीक घेता येते, पण ती जाणूनबुजून घेतलेली असावी.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात संगीतकार चाल गाऊन किंवा हार्मोनियमवर ऐकवायचे आणि ती वाद्यवृंदासाठी कागदावर उतरवायचं, हार्मनी रचायचं बरंचसं काम गोव्याच्या संगीतकारांनी केलं. तिथल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य नोटेशन शिकवलं जायचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा ही त्यातली मोठी नावं. गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यात आलेलं नाव त्यांचंच. तेव्हा पट्टी बदलली की वादकांचे कागद हाताने पुन्हा लिहावे लागायचे. आज ते काही सेकंदांत होतं, फक्त कॉर्ड नीट लिहिलेले हवेत.

एकाच पानावर सारेगम आणि कॉर्ड

हार्मोनियमवाले सारेगम वाचतात, गिटारवाले कॉर्ड. दोघांना वेगळे कागद द्यायची गरज नाही. कंट्रोल आणि एल दाबलं की सुरांखाली गाण्याचे शब्द लिहिता येतात. तिथे कीबोर्ड मराठी करून सा, रे, ग लिहा. अक्षरं तुटक दिसली तर देवनागरी फॉन्ट निवडा. पट्टी बदलली तरी सारेगम तेच राहतं, कारण सा पट्टीबरोबरच सरकतो.

ग्रुपवर पाठवण्याआधी ३० सेकंदांची चाचणी

पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकण्याआधी कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा आणि ट्रान्स्पोजमधून पट्टी अर्ध्या सुराने वर न्या. प्रत्येक कॉर्डचं नाव बदललं का, ते डावीकडून उजवीकडे पाहा. जो जागचा हलला नाही, तो मजकूर आहे. कंट्रोल आणि झेड दाबून मूळ पट्टीवर परत या, तेवढे कॉर्ड पुन्हा लिहा आणि मगच पाठवा.