रविवारचा डोंगर

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला डोंगर दिसत नाही. तापीच्या मुखाजवळ वसलेले हे शहर सपाट आहे. उधन्याच्या एखाद्या गच्चीवर उभे राहिले, तर इमारती, गिरण्यांची धुराडी आणि पाण्याच्या टाक्या यांपलीकडे नजर पोहोचत नाही. सह्याद्रीशी आपला संबंध उरला आहे तो बहुधा इतिहासाच्या पुस्तकापुरता. १६७० मध्ये सुरतेवरील दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजीमहाराज बागलाणच्या वाटेने परतले, पुढे साल्हेर स्वराज्यात आला, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण तो साल्हेर स्वतः पाहिलेली घरे आपल्या मंडळात किती निघतील? अशा गावात, दारू सुटलेल्या माणसाने डोंगर चढावा ही सूचना कुणी केली तर ती चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. मलाही ती तशी वाटली होती.

माझे एक स्नेही मूळचे धुळे जिल्ह्यातले. एका डाईंग मिलमध्ये फिटर आहेत. नाव सांगण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील एका केंद्रात उपचार घेऊन ते घरी परतले, तेव्हा त्यांना भेटायला गेलो होतो. ते म्हणाले, “सोमवार ते शनिवार मिल मला सांभाळते. रविवारी दुपारचे चार वाजले, की काय करावे ते कळत नाही. पंधरा वर्षांत त्या वेळी मी दुसरे काही केलेलेच नाही.” वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत; पण रविवारी चार वाजता त्यांचेही लक्ष घड्याळाकडे आणि दाराच्या कडीकडे असते, हे मला नंतर कळले.

दारू सोडणे आणि दारूवाचून राहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही दिवसांत होते. दुसरीला वर्षे लागतात. अनेक वर्षांच्या मद्यपानाने मेंदूतील सुखाची जाणीव देणारी यंत्रणा बोथट झालेली असते. साधे जेवण, मुलांचा खेळ, गाणे यांतून मिळणारा आनंद प्रारंभीचे कित्येक महिने फिका वाटतो. झोप नीट लागत नाही. त्यात मित्रमंडळ बहुतेक पिण्याच्या निमित्ताने जमलेले असते. ते सोडावे, तर माणूस एकटा पडतो. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या संघटनेच्या सभांत एक इशारा नेहमी देतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यांपासून जपा, कारण पाय घसरतो तो अशाच वेळी.

आपल्याकडे या कामाचा विचार करताना पुण्याचे ‘मुक्तांगण’ आठवल्याशिवाय राहत नाही. डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने, ते येरवड्यास सुरू केले. औषधांच्या जोडीला व्यायाम, योगासने, संगीत, गटचर्चा आणि श्रम यांना तेथे प्रथमपासून स्थान मिळाले. व्यसनी माणसाला तेथे ‘रुग्णमित्र’ म्हणतात, आणि त्यांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा स्वतंत्र गट आहे. सुटलेल्या व्यसनाची जागा कशाने तरी भरावी लागते, हे या संस्थेने मराठी समाजाला शिकवले. डोंगर हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा आहे.

तो टप्पा अमेरिकेत स्कॉट स्ट्रोड या गृहस्थाने संघटित रीतीने गाठला. तो स्वतः दारू आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेला होता. मुष्टियुद्धाच्या व्यायामशाळेत आणि गोठलेल्या बर्फाच्या कड्यांवर चढताना आपण सावरलो, असे तो सांगतो. २००६ साली कोलोरॅडोतील बोल्डर या गावी त्याने ‘फिनिक्स’ ही संस्था काढली. कडे चढणे, डोंगर हिंडणे, सायकल चालवणे असे तिचे कार्यक्रम विनामूल्य असतात. अट एकच, मागील ४८ तास नशेवाचून गेलेले असावेत. ही अट मला फार शहाणपणाची वाटते. वर्षभराची शपथ मागितली, तर माणूस एक तर खोटे बोलेल किंवा येणारच नाही.

कडा चढताना मन दुसरीकडे जाऊ शकत नाही, हा त्यातील मोठा गुण. पुढची खाच कोठे आहे, पाय कोठे टेकवायचा, एवढाच विचार शिल्लक राहतो. आणि खाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसावर विसंबावे लागते. अनेक वर्षे ज्याच्यावर घरात कुणी विसंबलेले नाही, त्याच्या हाती दुसऱ्याचा दोर देणे ही लहान गोष्ट नव्हे. जर्मनीतील एर्लांगेन येथे ठेंगण्या भिंतींवर, दोराविना चढण्याचा उपयोग मानसोपचारात करून पाहण्यात आला, आणि नैराश्याच्या रुग्णांना त्याचा लाभ झाल्याचे आढळले. तो प्रयोग नैराश्यावरचा होता, व्यसनावरचा नव्हे. तथापि ही दोन दुखणी अनेकदा एकाच घरात नांदतात.

येथे उत्साही मंडळींना थोडे थांबवले पाहिजे. जुन्या मद्यपीने दारू एकाएकी बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्राणावरही बेतू शकते. तेव्हा पहिली जागा रुग्णालयाची, डोंगराची नव्हे. पुढेही यकृत, हृदय आणि रक्तदाब तपासून घेतल्याखेरीज चढाईला नेऊ नये. दारूने पायांच्या नसा बधिर होतात आणि तोलही बिघडतो. असा माणूस चढताना चालतो, पण उतरताना पाऊल कोठे पडले ते त्याला उमगत नाही.

आमच्या स्नेह्यांचे नेमके हेच झाले. पहिला डोंगर म्हणून आम्ही सोनगड निवडला. सुरत-भुसावळ मार्गावर उकाई-सोनगड स्थानकात उतरावे, भाकरी सोबत असावी, चढण बेताची. पिलाजीराव गायकवाडांचे हे ठाणे. बडोद्याच्या राज्याचा आरंभ येथला. निम्म्या वाटेवर गृहस्थ खाली बसले. तळवे सुन्न झाले होते. “परत चला,” असे म्हणताना त्यांना झालेली शरम मी विसरलेलो नाही. आम्ही परतलो. डॉक्टरांनी जीवनसत्त्वे दिली, रोज सपाटीवर चालायला सांगितले. माथा त्यांनी गाठला तो चौथ्या खेपेस.

सोनगडाचा आणखी एक फायदा आहे, आणि तो सुरतेच्या मराठी घरांनी ध्यानात घ्यावा असा आहे. ते गुजरातेत आहे. गुजरातेत दारूबंदी असली, तरी दारू मिळत नाही असे कोण म्हणेल? २०२२ च्या जुलैत बोटाद भागात विषारी दारूने चाळीसांहून अधिक माणसे गेली. तरीपण उघड दुकान समोर नसते, एवढा आधार नव्याने सावरणाऱ्याला असतो. त्याच लोहमार्गावर पुढे नवापूर लागते. स्थानकाच्या मधूनच दोन राज्यांची सीमा गेलेली आहे. बाकाच्या एका टोकाला दारूबंदी, दुसऱ्या टोकाला परवाना! आपले खरे उंच डोंगर, हातगड, मांगी-तुंगी, साल्हेर, हे सारे त्या पलीकडच्या टोकाला आहेत. डांगातून सापुताऱ्यास जावे तर वाटेतल्या पाड्यांवर मोहाची दारू, आणि दक्षिणेला वलसाडजवळच्या पारनेरा टेकडीवर जावे तर दमण हाकेच्या अंतरावर. म्हणून गाडी कोठे थांबणार, मुक्काम कोठे, सोबत कोण, हे आधी ठरले पाहिजे. शनिवारी रात्री गडावरच्या गुहेत बाटल्या घेऊन येणाऱ्या टोळ्याही असतात. त्यामुळे मुक्कामाचा मोह टाळून पहाटे निघून संध्याकाळी परतावे, हे उत्तम.

भूक आणि थकवा टाळा असे सभेत सांगतात, आणि डोंगरावर तर दोन्ही हटकून येतात. मला प्रथम ही विसंगती वाटली. पण येथे भूक लागली की शिदोरी सुटते, थकवा आला की कुणीतरी हात देतो. त्या वेळी काय करायचे, याचा सराव येथे माणसांच्या सोबतीने होतो. सुरतेत गिर्यारोहण परके राहिलेले नाही. अदिती आणि अनुजा वैद्य या सुरतेच्या भगिनींनी २०१९ मध्ये एव्हरेस्टचे शिखर गाठले. आपल्याला एव्हरेस्ट नको आहे, रविवारचे चार वाजायला हवे आहेत.

आठव्या महिन्यात आमचे स्नेही एका लग्नात घसरले. तीन दिवस. चौथ्या दिवशी वहिनींनी मला निरोप धाडला. डॉक्टर झाले, सभा झाली, आणि दोन आठवड्यांनी डॉक्टरांच्या अनुमतीने पुन्हा सोनगड. त्या दिवशी प्रथमच वहिनीही आल्या. वाटेत कुणी उपदेश केला नाही. वर पोहोचल्यावर ते एवढेच म्हणाले, “मला वाटले होते, तुम्ही बोलावणार नाही.” वहिनी कांदा फोडत होत्या. त्या म्हणाल्या, “यांना न बोलावून कसे चालेल? पाण्याची पिशवी कोण उचलणार?”

पुढे पावणेदोन वर्षांनी ते साल्हेरच्या माथ्यावर, परशुरामाच्या देवळाशी उभे राहिले. उंची १५६७ मीटर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला तो हाच. सीमा ओलांडताना त्यांनी आपण होऊन चालकास सांगितले होते, की चहा साल्हेरवाडीतच घेऊ, मध्ये कोठे थांबू नका.

ज्यांच्या घरी असा रविवार असेल, त्यांनी राष्ट्रीय नशामुक्ती साहाय्यवाणीचा १४४४६ हा क्रमांक लिहून ठेवावा; तो निःशुल्क आहे. सोनगडला आम्ही अजून जातो. गेल्या खेपेस आमच्यात एक नवा तरुण होता, लिंबायतचा, उपचार घेऊन येऊन जेमतेम दोन महिने झालेला. निम्म्या वाटेवर तो खाली बसला. आमचे स्नेही त्याच्याजवळ बसले, त्याचे बूट काढून तळवे चोळू लागले, आणि आम्हाला म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे. आम्ही दोघे इथूनच परततो.”